द विट आणि वर्षासनाचे गणित

सतराव्या शतकात हॉलंड प्रांत निधी उभारण्यासाठी तहहयात वर्षासने विकत असे. एकरकमी पैसे भरायचे आणि नोंदवलेली व्यक्ती हयात असेतो दरवर्षी ठरावीक रक्कम घ्यायची, असा हा व्यवहार. प्रांताचा मुख्य प्रशासक योहान द विट (१६२५-१६७२) हा राजकारणी असूनही उत्तम गणिती होता. वर्षाला एक गिल्डर देणारे वर्षासन तेव्हा १४ गिल्डरना मिळे. वयानुसार मृत्यूची शक्यता व ४ टक्के व्याज धरून ते १६ गिल्डरनाही स्वस्तच ठरते, असे त्याने १६७१ च्या अहवालात दाखवले. म्हणजे तिजोरीला प्रत्येक विक्रीत खोट बसत होती! ३ ते ५३ वर्षांपर्यंत मृत्यूची शक्यता सारखीच, हे त्याचे गृहीतक ढोबळच होते. अॅमस्टरडॅमच्या यान हुडेशी झालेल्या पत्रव्यवहारात मात्र प्रत्यक्ष वर्षासनधारकांच्या मृत्युनोंदींचा आधार घेतलेला दिसतो.

२० ऑगस्ट १६७२ रोजी, फ्रेंच आक्रमणाने खवळलेल्या जमावाने हेग येथे द विटची व त्याचा भाऊ कोर्नेलिसची हत्या केली. अहवालही दुर्मीळ झाला. संभाव्यतेवर ग्रंथ लिहिणाऱ्या याकोब बर्नुलीने तो लायब्निट्सकडे पत्रांतून पुनःपुन्हा मागितला. १७०५ मध्ये बर्नुलीचे निधन होईतो तो त्याच्या हाती पडला नाही.