चौथ्यापेक्षा मोलाचा सतरावा

मी मलकापुरात गणित शिकवतो. आमच्या शाहूवाडी तालुक्यात शर्यत म्हटली की अजूनही आधी बैलगाडीच डोळ्यांसमोर येते. पण कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर गो-कार्टच्या स्पर्धा होऊ लागल्या, तिथलाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला आणि वर्गातल्या पोरांत नवा वाद सुरू झाला: श्रेष्ठ चालक कोण? मी त्यांच्या हातात आलेखाचा कागद देतो.

त्यावर काढायच्या रेघांना इतिहास आहे. संगणक येण्याआधी पिटच्या भिंतीपाशी बसलेली माणसं दर फेरीला समोरून गेलेल्या गाड्यांचे क्रमांक ओळीनं टिपून घेत. हा लॅपचार्ट. लॅपचार्टवर एकाच गाडीचे क्रमांक रेघेनं जोडत गेलं, की ती कुठल्या फेरीत मागे पडली, कुठं पुढं सरकली, ते उलगडतं. निकालाच्या तक्त्यात यातली फक्त शेवटची ओळ उरते.

अशीच रेघ हंगामभराच्या गुणांचीही काढता येते, म्हणून फॉर्म्युला वनच्या १९८८ च्या हंगामाचा हिशेब मी पोरांना हटकून करायला लावतो. सेन्ना आणि प्रोस्ट दोघंही मॅक्लारेन संघाचे चालक, म्हणजे गाडी सारखी. शर्यती १६. पहिल्याला ९ गुण, दुसऱ्याला ६. प्रोस्ट सात वेळा पहिला, सात वेळा दुसरा: १०५ गुण. सेन्ना आठ वेळा पहिला, तीनदा दुसरा, एकदा चौथा, एकदा सहावा: ९४. तरी जगज्जेता सेन्ना! कारण त्या काळी सर्वोत्तम ११ निकालच धरत. प्रोस्टचे १८ गुण वजा होऊन ८७ राहिले, सेन्नाचे ४ जाऊन ९०. वर्षभराच्या एकूण गुणांची रेघ काढली, तर हंगामाअखेर वर प्रोस्टची असते. १९९१ पासून सगळे निकाल धरू लागले.

आपल्या नारायण कार्तिकेयनच्या बाबतीतही निकालाचा तक्ता पूर्ण गोष्ट सांगत नाही. २००५ मध्ये इंडियानापोलिसला तो चौथा आला, ५ गुण मिळाले. पण मिशेलिन टायरच्या गाड्यांनी माघार घेतल्यानं त्या दिवशी धावल्या सहाच गाड्या, आणि जॉर्डन संघातला त्याचा सहकारी माँतेरो तिसरा आला. २०११ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर नारायण सतरावा आला. तक्त्यात हा क्रमांक कुणी बघतही नाही. पण त्याच एचआरटी संघाची गाडी चालवणारा डॅनियल रिकार्डो त्याच्या मागे, अठरावा होता. रिकार्डोनं पुढं आठ ग्रां प्री जिंकल्या.

माझ्या मते नारायणच्या त्या चौथ्या क्रमांकापेक्षा हा सतरावा मोलाचा. म्हणून पोरांना सांगतो तेच तुम्हालाही सांगतो: कुठल्याही चालकाला थोर किंवा सुमार ठरवण्याआधी, तीच गाडी चालवणाऱ्या सहकाऱ्याची रेघ त्याच्या रेघेशेजारी काढून बघा.