आधी बंधारा, मग पाट

पांझरेवरची फड पद्धत धुळेकरांना सांगायला नको. आधी बंधारा, मग पाट, मग चाऱ्या. क्रम चुकला की पीक कोरडं. लिनक्सवर पॅकेजं बांधतानाही तेच. १९६२ साली आर्थर कान यांनी रीत मांडली: जे कशावरच अवलंबून नाही ते आधी घ्या, यादीतून वगळा, पुन्हा तेच करा. १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांचं 'मेक' आलं. बदललेलं आणि त्यावर विसंबलेलं, तेवढंच पुन्हा बांधायचं. पण 'अ'ला 'ब' हवं आणि 'ब'ला 'अ', तर? नैयायिक याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. कंपायलर बांधायला कंपायलरच लागतो ना! मग पहिला बाहेरून, तयार आणावा लागतो. पाटकऱ्याचा क्रम त्याच्या डोक्यात असे. डेबियनमध्ये कशाला आधी काय हवं, ते प्रत्येक पॅकेजसोबत लिहिलेलं असतं. म्हणून जाणता माणूस गेला, तरी काम अडत नाही.