संगणकाचे आरंभन व आरंभदोष

संगणकाचे आरंभन व आरंभदोष : विद्युत् पुरवठा सुरू केल्यापासून संगणक वापरणाऱ्याच्या आज्ञा स्वीकारण्यास सिद्ध होईपर्यंत जी क्रियांची मालिका घडते, तिला आरंभन (व्यवहारात ‘बूट होणे’) असे म्हणतात. या मालिकेतील एखादा दुवा निखळून यंत्र मध्येच थांबले, तर तो आरंभदोष होय. स्मृतीत कार्यक्रम असल्याखेरीज संगणक काहीच करू शकत नाही आणि स्मृतीत कार्यक्रम आणून ठेवण्यासाठीही कार्यक्रमच लागतो, ही यातील मूळ अडचण आहे. बुटाच्या वादीला धरून स्वतःलाच वर उचलण्याच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून ‘बूट’ हा शब्द रूढ झाला. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक (१९४९) या संगणकात दूरध्वनी केंद्रातील फिरत्या स्विचांवर प्रारंभिक आज्ञा कायमच्या तारबद्ध करून ही अडचण सोडविण्यात आली. या आज्ञांची संख्या ३१ इतकीच होती.

कारखान्यातून तयार होऊन आलेल्या यंत्राच्या दोषाची काळजी सामान्यतः उत्पादक वाहतो. सुटे भाग जमवून रचलेल्या यंत्राला असा वाली नसतो. रचणारा हाच त्याचा दुरुस्ती करणाराही असतो. या दृष्टीने पाहता आरंभदोषांच्या शोधाचा महाराष्ट्रातील इतिहास येथील पहिल्या स्वदेशी संगणकापासूनच सुरू होतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर्. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली १९५४ मध्ये संगणक रचण्याचे काम हाती घेण्यात आले. प्रथम १२ द्विमान अंकांच्या शब्दाचा व २५६ शब्दांच्या स्मृतीचा एक प्रायोगिक संगणक तयार करण्यात आला. तो १९५६ मध्ये चालू झाला. त्यावरील अनुभवाच्या आधारे पूर्ण आकाराचा संगणक उभारण्यात येऊन तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सु. २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड व १२,५०० रोधक होते. शब्दाची लांबी ४० द्विमान अंक आणि फेराइट कड्यांच्या स्मृतीची क्षमता २,०४८ शब्द होती. माहिती छिद्रित कागदी फितीवरून आत जाई व उत्तर दूरमुद्रकावर येई.

टिफ्रॅकला आजच्या अर्थाने परिचालन प्रणाली नव्हती. कार्यक्रम यंत्रभाषेत लिहावे लागत आणि नियंत्रण मंचावरून यंत्राची स्थिती पाहून ते चालवावे लागत. अशा यंत्रात आरंभदोष शोधणे म्हणजे मुख्यतः द्रव्याचा दोष शोधणे होय. निर्वात नलिकेची तापतार थंड असताना तिचा रोध कमी असतो. त्यामुळे पुरवठा सुरू करताच तीतून मोठा प्रवाह वाहतो आणि कमजोर नलिका नेमकी त्याच क्षणी निकामी होते. अमेरिकेतील एनिॲक या सु. १८,००० नलिकांच्या यंत्रात बहुतेक नलिका तापताना किंवा निवताना बिघडतात असे आढळल्यावर तो सहसा बंदच केला जात नसे. फेराइट स्मृतीचे दुखणे निराळे. पुरवठा बंद झाल्यावरही कड्यांतील चुंबकन टिकते हा तिचा गुण. परंतु शब्द वाचताना तो पुसला जाऊन पुन्हा लिहावा लागतो आणि कड्यांचे चुंबकीय गुणधर्म तापमानाबरोबर बदलतात. सकाळी अचूक वाचणारी स्मृती दुपारी चुकू लागली, तर कडीऐवजी आधी खोलीचे तापमान पाहावे लागते.

नलिका पूर्णपणे निकामी झाली, तर तिचा शोध सोपा असतो. मधूनच चुकणारी नलिका अधिक छळते. यावर त्या काळात जगभर दोन उपाय प्रचलित होते. एक, पुरवठ्याचा दाब मुद्दाम थोडा कमीजास्त करून मरणोन्मुख नलिका आधीच उघडी पाडणे. दुसरा, चाचणी कार्यक्रम चालविणे. टिफ्रॅकचा आराखडा ज्या कुळातील होता, त्या कुळातील इलिॲक या इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर ‘बेडूकउडी’ नावाची चाचणी वापरीत. हा कार्यक्रम स्वतःची प्रत स्मृतीत पुढे पुढे सरकवीत जाई आणि प्रत मूळ कार्यक्रमाशी जुळते की नाही हे तपासत राही. ज्या ठिकाणी प्रत बिघडे, तेथे दोष आहे असे समजे. यंत्राने स्वतःचीच परीक्षा घ्यावी, ही कल्पना आजच्या आरंभ चाचणीच्याही मुळाशी आहे. मात्र परीक्षक व परीक्षार्थी एकच असल्याने जो भाग परीक्षा घेतो तोच बिघडला, तर ही पद्धत मूक होते आणि माणसाला मोजमापयंत्र हाती घ्यावे लागते. टिफ्रॅकच्या बाबतीत ते घेणारे हात यंत्र रचणाऱ्यांचेच होते. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा आयात संगणक आला आणि टिफ्रॅकचा काळ ओसरू लागला. मंडलानुमंडल यंत्र ओळखणारी जी पिढी त्यातून घडली, ती मात्र टिफ्रॅकची खरी मिळकत म्हणावी लागेल.

आरंभदोषाचे दुसरे रूप पुण्यात दिसले. प्रगत महासंगणकांवरील अमेरिकी निर्यातनिर्बंधांच्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा समांतर संगणक सिद्ध झाला. त्यात ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर हे प्रक्रियक वापरले होते. ट्रान्सप्यूटरच्या आरंभनाची रीत लक्षणीय आहे. त्याला स्वतःजवळच्या कायम स्मृतीतून किंवा शेजाऱ्याशी जोडणाऱ्या दुव्यावरून असे दोन्ही प्रकारे सुरू होता येते. दुव्यावरून येणारा पहिला बाइट शून्य असेल, तर तो दिलेल्या पत्त्यावर शब्द लिहितो. एक असेल, तर त्या पत्त्यावरील शब्द वाचून परत पाठवितो. त्याहून मोठा असेल, तर तितके बाइट घेऊन ते कार्यक्रम म्हणून चालवू लागतो. म्हणजे मुका राहिलेला प्रक्रियकही शेजाऱ्याकरवी चाचपता येतो, आणि सुरू झालेला प्रक्रियक पुढच्याला जागा करतो. साखळी जेथे तुटते, त्याच्या अलीकडचा शेवटचा प्रक्रियक दोषाचा पत्ता सांगतो.

येथे यंत्राने दगा दिला नाही. त्याच्या प्रक्रियकाचा वंशच खुंटला. इन्मॉस १९८९ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली, टी ९००० हा पुढचा ट्रान्सप्यूटर रखडला आणि १९९० नंतरच्या दशकात ही मालिका संपली. परमची आज्ञावली रचणाऱ्यांच्या स्वतःच्या हाती होती, म्हणून पुढील परम संगणक इतर कंपन्यांच्या प्रक्रियकांवर बांधता आले. आधार गेल्यावर यंत्र टिकते की नाही, हे त्याचा कोणता भाग आपल्या ताब्यात आहे यावर ठरते.

तिसरे रूप घरोघरचे आहे. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड (आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) हा सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांचा बाजार म्हणून प्रसिद्ध आहे. मदरबोर्ड, प्रक्रियक, स्मृतिपट्टी व पुरवठापेटी निरनिराळ्या कंपन्यांची घेऊन रचलेल्या संगणकाला ‘असेंबल्ड’ म्हणतात. अशी यंत्रे पश्चिम रेल्वेच्या त्याच मार्गावरील मीरा रोड व भाईंदरसारख्या उपनगरांतही पोहोचली. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि मिठागरे यांच्यामध्ये वसलेल्या मीरा-भाईंदरमध्ये दमट, खारट हवेमुळे जोडांवर गंज चढण्यास अनुकूल परिस्थिती असते. स्मृतिपट्टी काढून तिचे संपर्क खोडरबराने घासणे हा येथील कारागिरांचा पहिला उपाय असतो, आणि तो बहुधा बरोबर ठरतो.

आरंभदोषाचा शोध येथेही पायरीपायरीने घ्यावा लागतो. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, तर दोष पुरवठा, स्मृती वा मदरबोर्ड यांत असतो. अशा वेळी मदरबोर्ड, प्रक्रियक व एकच स्मृतिपट्टी ठेवून बाकी सर्व भाग सुटे करतात आणि एकेक परत जोडत जातात. आरंभ चाचणीच्या टिटीची संख्या व लांबी दोषाचा प्रकार सुचविते, मात्र तिचा संकेत उत्पादकागणिक बदलतो. चाचणी पार पडून पुढे यंत्र अडले, तर तबकडीवरील पहिल्या ५१२ बाइटांचा भाग किंवा त्याच्या जागी आलेली नवी यूईएफआय रचना तपासावी लागते. तारीख दरवेळी मागे गेलेली दिसली, तर मदरबोर्डवरील तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे असे समजावे.

परिचालन प्रणालीचा आधार संपलेला असेल, तर चित्र पालटते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुनी प्रणाली नव्या मदरबोर्डवर चढविल्यास भाग धडधाकट असूनही आरंभन थांबते. एक्सपीत तबकडी-नियंत्रकाचा चालक (ड्रायव्हर) नसल्याने निळा पडदा व ‘७बी’ हा दोषांक येतो. मदरबोर्डच्या मांडणीत तबकडीची पद्धत जुन्या प्रकारावर आणली की तो पुष्कळदा जातो, पण नव्या मदरबोर्डांवर तो पर्याय उरलेला नसतो. विंडोज ७ ची मांडणी फक्त यूएसबी ३ असलेल्या मदरबोर्डवर करू गेल्यास कळफलक व माऊस मूक होतात. चालक आधी मांडणीत मिसळावा लागतो. उलट, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती व नव्या पिढीचा प्रक्रियक हवा असल्याने उत्तम चालणारे जुने यंत्रही ती अधिकृतपणे स्वीकारीत नाही. टिफ्रॅकमध्ये थांबणे म्हणजे काहीतरी तुटणे असे. येथे काहीच तुटलेले नसते. प्रवेश नाकारलेला असतो. हा भेद न ओळखल्याने चांगले मदरबोर्ड भंगारात जातात आणि नवा भाग घेऊनही दोष तसाच राहतो.

दोन्ही प्रकार वेगळे करण्याची एक साधी कसोटी आहे. यूएसबी कांडीवरून चालणारी लिनक्स प्रणाली घेऊन तबकडीला हात न लावता यंत्र सुरू करावे. ते सुरू झाले व काही तास स्थिर चालले, तर दोष बहुधा तबकडीत, प्रणालीत वा तिच्या चालकांत शोधावा. तेही न झाल्यास स्मृतिपट्टी काढून खोडरबर हाती घ्यावा.