सरकारी वकिलाचा शब्द

अमेरिकेतील फौजदारी खटले साक्षीपुराव्याने निकालात निघतात त्याहून कितीतरी अधिक कबुलीच्या सौद्याने मिटतात. आरोपीने गुन्हा कबूल करावा, सरकारी वकिलाने आरोप सौम्य करावा, असा हा व्यवहार. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील खाद्यतेलाच्या भेसळीच्या एका खटल्यात १९७६ साली अशा सौद्यावर कोरडे ओढले होते. २००६ पासून मात्र आपल्या कायद्यानेही त्याला मर्यादित जागा दिली आहे. पण सौदा ठरल्यावर सरकारनेच शब्द फिरवला तर?

न्यूयॉर्कच्या साँटोबेलो या इसमावर १९६९ साली जुगाराचे दोन गंभीर आरोप होते. त्याने जुगाराच्या नोंदी बाळगल्याचा हलका गुन्हा कबूल करावा आणि शिक्षा किती द्यावी याविषयी सरकारी वकिलाने मौन पाळावे, असे ठरले. त्याने जूनमध्ये कबुली दिली. शिक्षेची तारीख लांबत लांबत जानेवारी १९७० उजाडला, तोवर सरकारी वकील बदलला होता. नव्याने उभे राहून पुरेपूर एक वर्षाची कैद मागितली. आरोपीच्या वकिलाने तत्काळ हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, सरकारी वकिलाच्या बोलण्याचा आमच्यावर परिणाम नाही. आणि पुरते एक वर्ष ठोठावले!

या हाताचे त्या हाताला ठाऊक नव्हते, ही सबब सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७१ मध्ये मानली नाही. वचन एका वकिलाचे नव्हे, कचेरीचे. मग ते अनवधानाने मोडले काय किंवा जाणूनबुजून, सारखेच. न्यायाधीशांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका न घेताही शिक्षा रद्द झाली. आम्हांस यातले मर्म येथेच दिसते. चौकशीचा हक्क आरोपी त्या शब्दावर विसंबून आधीच देऊन बसलेला असतो. त्याच्या हाती मग उरते काय?

उपायाविषयी मात्र सात न्यायमूर्तींत मतभेद झाला. तिघांचे म्हणणे, आरोपीस कबुलीच मागे घेऊ द्यावी. मुख्य न्यायमूर्ती बर्गर आणि बहुमताने ती निवड न्यूयॉर्कच्या न्यायालयावर सोपवली: कबुली मागे घेऊ द्या, नाहीतर वचन पाळून दुसऱ्या न्यायाधीशापुढे शिक्षा ठरवा.

पुढे या संरक्षणाला कुंपणेही पडली. कबुली देण्यापूर्वीच सरकारने देकार मागे घेतला तर आरोपीस तक्रारीला जागा नाही, असे १९८४ साली मेब्री खटल्यात ठरले. आणि २००९ साली पकेट खटल्यात असे ठरले की, वचनभंगाच्या वेळी वकील गप्प बसला तर अपिलात दाद मिळण्याची वाट फार अरुंद होते. साँटोबेलोचा वकील जागच्या जागी बोलला होता.