घाटाचे ज्ञान आणि यशाचे माप

पावसाळ्यात मुरबाडहून माळशेजचा किंवा शहापूरहून कसाऱ्याचा घाट ज्यांनी मोटारीतून ओलांडला असेल, त्यांस कुशल सारथ्याचे मोल निराळे सांगावयास नको. धुके उतरते, चार पावलांपलीकडचे दिसेनासे होते, तथापि एस. टी.चा जुना चालक वळण येण्यापूर्वीच वेग आवरतो. रस्ता त्यास पाठ असतो. अशा मनुष्याचे नाव इतिहासात यावयाचे नाही, हे उघडच आहे. परंतु जेथे नावे लिहून ठेवण्याचा प्रघात आहे, त्या मोटारशर्यतींच्या क्षेत्रात तरी ह्या गुणास न्याय मिळतो काय? एलिश्का युंकोवा ह्या चेक बाईंचे चरित्र पाहता हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

बाईंचा जन्म १९०० साली मोराव्हियातील ओलोमोउत्स येथे झाला. बँकेत नोकरी करीत असता चेनेक युनेक ह्यांच्याशी परिचय झाला व १९२२ साली विवाह. पतीस मोटारशर्यतींचा नाद होता. परंतु युद्धात हातास झालेल्या दुखापतीमुळे त्यांस गिअर बदलणे जड जाई. बाई प्रथम त्यांच्या शेजारी यांत्रिक म्हणून बसत. पुढे चाक त्यांनी स्वतःच हाती घेतले. १९२७ साली जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीत दोन लिटरच्या वर्गात त्यांनी पहिला क्रमांक मिळविला.

मात्र त्यांची खरी परीक्षा झाली ती सिसिलीच्या डोंगरांतील टार्गा फ्लोरिओ ह्या शर्यतीत. १०८ किलोमीटरची एक फेरी, अशा पाच फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत हजारावर वळणे! बाईंची शरीरयष्टी लहान. जड चाक तासन्‌तास फिरविण्यास लागणारे बाहुबळ अंगी नाही, हे त्या ओळखून होत्या. म्हणून त्यांनी दुसरा उपाय योजिला. शर्यतीपूर्वी मार्ग पायी हिंडून प्रत्येक अवघड जागेच्या खुणा त्यांनी मनात टिपून ठेविल्या. १९२७ साली त्यांस गाडीतील बिघाडामुळे माघार घ्यावी लागली. पुढील वर्षी, ६ मे १९२८ रोजी, दुसऱ्या फेरीअखेर त्या सर्वांच्या पुढे होत्या. शेवटी मात्र गाडीने दगा दिला आणि त्या पाचव्या आल्या. त्यांच्या मागे राहिलेल्यांत नुव्होलारी हेही होते, की ज्यांस पुढे जगाने ह्या विद्येचे सम्राट मानले. विजयाचा मान आल्बेर दिव्हो ह्यांस मिळाला.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ जुलै १९२८ रोजी, न्युर्बुर्गरिंग येथे शर्यतीत चेनेक ह्यांचा अपघाती मृत्यू झाला. बाईंनी शर्यती कायमच्या सोडल्या. पुढे सिलोनच्या प्रवासासाठी एत्तोरे बुगाती ह्यांनी त्यांस नवी मोटार दिली व आशियात व्यापाराची शक्यता पाहण्याचे कामही सोपविले. १९९४ साली प्राग येथे त्यांचे निधन झाले.

ह्या कर्तृत्वाचे मूल्य कसे ठरवावे? कोष्टक पाहणारा म्हणेल, पहिल्या प्रतीची मोठी शर्यत एकंदरीत जिंकलेली नाही; कारकीर्दही अवघी काही वर्षांची. हे दोन्ही आक्षेप खरे आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. उलटपक्षी, बाईंचे चाहते म्हणतात की गाडी बिघडली नसती तर त्याच विजयी झाल्या असत्या. हेही आम्हांस मान्य नाही. गाडी शेवटपर्यंत टिकणे हा शर्यतीचाच भाग होय. आणि ‘जर-तर’च्या पायावर इतिहासाची इमारत उभी राहत नाही. ‘बाईमाणूस असून’ अशा प्रस्तावनेने केलेले कौतुकही आम्हांस नकोसे वाटते. त्यात स्तुतीपेक्षा आश्चर्यच अधिक असते.

आमच्या मते बाईंचे श्रेष्ठत्व निराळ्या ठिकाणी आहे. आपले उणे त्यांनी नेमके ओळखले आणि बळाचे काम अभ्यासाने साधले. शर्यतीचा मार्ग आधी पायी पाहणाऱ्या पहिल्या चालकांत त्यांची गणना होते. आज जगातील मोठमोठे शर्यतपटू तो शिरस्ता पाळतात. ही रीत त्यांनीच रूढ केली असे निश्चयाने म्हणता येणार नाही. परंतु ती इतक्या कसोटीच्या जागी फलदायी होते, हे त्यांनी दाखवून दिले. पाचवा क्रमांक हे त्या दाखल्याचे अपयश नव्हे.

मुरबाडपुढे वैशाखरे गावावरून नाणेघाटाची वाट चढते. वर लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञ व दाने नोंदलेली आहेत. त्याच वाटेने ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लादलेली जनावरे सुखरूप खाली उतरविली, त्यांची नोंद तेथे नाही. युंकोवाबाईंचे नाव निदान राहिले आहे. ते पाचव्या ओळीत आहे म्हणून वाचकाने तेथवर जाण्याचा कंटाळा करू नये, एवढेच आमचे सांगणे.