जरावैद्यकाचे लघुचित्रफितींद्वारे शिक्षण

जरावैद्यकाचे लघुचित्रफितींद्वारे शिक्षण ही डॉक्टरांना व वैद्यकीय विद्यार्थ्यांना वृद्ध रुग्णांची तपासणी आणि उपचार शिकविण्याची एक पद्धती आहे. यात प्रत्येकी एकाच विषयाला वाहिलेल्या, काही मिनिटांच्या चित्रफिती आंतरजालावर उपलब्ध करून दिल्या जातात. ब्रिटनमधील ‘मिनी-जेम्स’ ही मालिका याचे एक उदाहरण होय. ‘असोसिएशन फॉर एल्डरली मेडिसिन एज्युकेशन’ या संस्थेने तयार केलेल्या या चित्रफिती यूट्यूबवर विनामूल्य पाहता येतात.

पार्श्वभूमी

वृद्ध रुग्ण रुग्णालयाच्या बहुतेक सर्व विभागांत असतात; जरावैद्यकाचे तज्ज्ञ मात्र थोडे असतात. शिवाय उतारवयात आजाराची लक्षणे वेगळी दिसू शकतात. न्यूमोनिया झालेल्या वृद्धाला ताप येईलच असे नाही. अचानक गोंधळणे किंवा पडणे हेच पहिले लक्षण असू शकते. त्यामुळे या विषयाची मूलभूत माहिती सर्वच डॉक्टरांना आवश्यक ठरते.

विषय व स्वरूप

डोळ्यांनी पाहून ओळखावयाच्या गोष्टी शिकविण्यास चित्रफीत विशेष उपयोगी पडते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम्ड अप अँड गो’ चाचणीत रुग्ण खुर्चीतून उठतो, ३ मीटर चालतो, वळून परत येतो आणि बसतो. लागलेल्या वेळेइतकेच त्याचे पाऊल, तोल व वळणे पाहणेही महत्त्वाचे असते.

मुग्धभ्रांती म्हणजेच डिलिरियम हा दुसरा महत्त्वाचा विषय आहे. बडबड करणारा, अस्वस्थ रुग्ण लगेच लक्षात येतो. परंतु शांत, सुस्त पडून राहिलेल्या रुग्णातील मुग्धभ्रांती ‘वयामुळे असे होते’ असे समजून दुर्लक्षिली जाते आणि तिच्यामागील संसर्ग, निर्जलीकरण किंवा औषधाचा दुष्परिणाम तसाच राहतो. तिच्या निदानासाठी १९९० मध्ये शॅरन इनोये व सहकाऱ्यांनी मांडलेली ‘कन्फ्यूजन असेसमेंट मेथड’ वापरली जाते. अचानक सुरुवात होऊन कमी-जास्त होणारी लक्षणे आणि अवधानातील उणीव या दोन्हींबरोबर विस्कळीत विचार किंवा जाणिवेच्या पातळीतील बदल आढळल्यास मुग्धभ्रांती मानली जाते.

मर्यादा

चित्रफीत पाहिल्याने माहिती वाढते. परंतु डॉक्टरांचे वर्तन बदलते किंवा रुग्णाला लाभ होतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही. कमी ऐकू येणाऱ्या रुग्णाशी सावकाश बोलणे, नातेवाइकांकडून पूर्वस्थिती जाणून घेणे ही कौशल्ये रुग्णाच्या खाटेजवळच आत्मसात होतात. औषधांविषयीच्या शिफारशी बदलत असल्याने जुन्या चित्रफिती वेळोवेळी तपासाव्या लागतात. खऱ्या रुग्णाचे चित्रीकरण करताना त्याची संमती आवश्यक असते; स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाबाबत हा प्रश्न अधिक नाजूक ठरतो.

भारतातील संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये १९९६ साली जरावैद्यकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. २०१०-११ पासून ज्येष्ठ नागरिकांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम राबविला जात आहे. तथापि वृद्धांवरील उपचारांचा मोठा भाग आजही सामान्य डॉक्टरांकडेच असल्याने अशा शिक्षणसाधनांना येथेही महत्त्व आहे.