हुकमाबाहेरचं जनावर

प्लेगपासून वाचायचं असेल तर मांजरं पाळा, असा सल्ला १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. लिहिणारे होते लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन, आमच्या अमरावतीचे सिव्हिल सर्जन. वऱ्हाडातल्या गावांत घरोघरची मांजरं मोजवून त्यांनी हा निष्कर्ष काढला होता. ज्या गावात मांजरं भरपूर, तिथे प्लेगचा जोर नाही, असा त्यांचा दावा. अमरावतीचा इतिहास सांगताना लोक अंबादेवी सांगतात, कापसाचा बाजार सांगतात. ही मांजरांची शिरगणती कुणी सांगत नाही. माझ्या परसात बेवारशी मांजरांचा राबता आहे, म्हणून मला ती सांगावीशी वाटते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तिथून तो रेल्वेच्या वाटेने देशभर पसरला. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवलं, पण ते पटायला बरीच वर्षं गेली. खेड्यातल्या माणसाला मात्र उंदीर आणि प्लेग यांचं नातं सांगावं लागत नव्हतं. घरात उंदीर पडू लागले की गाव उठायचं आणि शेतात झोपड्या घालून राहायचं.

उंदीर येणारच होते. ज्वारी पेवात, डाळी कणगीत, सरकी आणि कडबा घराला लागून. वर्षाचं धान्य घरात म्हणजे उंदरांचीही वर्षाची बेगमी. त्यांच्या मागोमाग मोरीतून, कौलांवरून मांजर यायचं.

सरकारकडे तेव्हा अधिकार काही कमी नव्हते. १८९७ च्या साथरोग कायद्याने घरं तपासता येत होती, माणसं अलग ठेवता येत होती. त्या जबरदस्तीने पुण्यात लोकांचा संताप पेटला. पण मांजरावर कुठला कायदा चालणार? त्याला बांधून ठेवलं तर शिकार करत नाही, आणि पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलं तर आपल्याआधी घरी हजर. मांजर हवं असेल तर ते राहील असं घर असावं लागतं. ब्युकॅनन साहेबांचा उपाय सरकारी कागदावर कितीही सोपा दिसला, तरी त्याची अंमलबजावणी घरच्या बाईच्या हाती होती.

माणूस आणि मांजर यांच्यातला हा व्यवहार प्लेगहून फार जुना. सायप्रस बेटावर शिलूरोकाम्बोस इथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं दफन सापडलं. माणसाच्या सांगाड्यापासून ४० सेंटिमीटरवर एका मांजराचा सांगाडा, वय आठेक महिने. बेटावर मुळात रानमांजरं नव्हती. म्हणजे कुणीतरी ती होडीतून नेली होती. शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, उंदीर जमले आणि पश्चिम आशियातलं रानमांजर कोठारापाशी आलं. गाय-बैलाला आपण दावणीला बांधलं. मांजर आपल्या पायांनी आलं, आणि दाराबाहेरच थांबलं.

आपल्याकडे मांजर मारलं तर काशीला सोन्याची मांजर दान करावी लागते, अशी समजूत आहे. आडवी गेली तर अपशकुन आणि मारली तर महापाप! पण धान्याच्या घरात ही दोन्ही कलमं एकत्र नांदायची.

माझ्या परसातला कारभारही याच रीतीचा. कडुनिंबाखालच्या फरशीवर सुकट ठेवायची, मागे सरून पायरीवर बसायचं आणि नजर भलतीकडे ठेवायची. रोखून पाहणं मांजराला भांडणाचं वाटतं. डोळे हळूच मिटून उघडले तर ते जवळ यायला अधिक धजतं, हे २०२० मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासून दाखवलं. जुन्या बायकांना ते पाहून पाहून कळलेलं होतं. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना त्याला माणसाचा हात लागला तर ते माणसाळतं. तो काळ उलटला की पुढे चिकाटीच कामाची. आमची करडी मांजरी अजून हात लावू देत नाही, पण पिल्लांना माझ्यासमोर पाजते. तिच्याकडून एवढं मिळालं, ते पुष्कळ झालं.

ब्युकॅननच्या दाव्यात एक मोठी फट होती. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसाला होऊ शकतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात पुढे असे रुग्ण सापडले. तरीही साहेबांची शिरगणती मला फुकट गेलेली वाटत नाही. गावात मांजरं किती, याचं उत्तर म्हणजे उष्टं बाजूला ठेवणारी आणि दगड न भिरकावणारी घरं किती, याचंच उत्तर. साहेबांनी मोजली मांजरं. नोंद झाली ती घरांची.

आता पेवं बुजली, धान्य पाच किलोच्या पिशवीत येतं, उंदीर मारायला गोळ्या मिळतात. मांजराकडून आपल्याला घ्यायचं असं काही उरलेलं नाही. उलट त्यांची संख्या आवरायची तर त्यांना पिंजऱ्यातून नसबंदीला न्यावं लागतं, आणि सुकटीच्या वासाने पिंजऱ्यात शिरतं ते आपल्यावर विसंबलेलं मांजरच. तो विश्वास तिथे मोडतो. म्हणून नसबंदी करून घरी आणल्याच्या रात्री फरशीवर पुन्हा सुकट ठेवायची आणि पायरीवर आणखी मागे सरून बसायचं. करडी रुसते, पण भूक लागली की येते. व्यवहार पहिल्यापासून मांडावा लागतो, आणि मांडायचा आपणच.